राब भाजायच्या आत

नोव्हेंबरच्या मध्यावर कधीतरी एक दिवस असा येतो की घरातला एसी बंद केला तरी चालतं. एप्रिलपासून अखंड चालू असलेला तो आवाज थांबला की आधी घर बहिरं झाल्यासारखं वाटतं. मग एकेक आवाज परत येतात. फ्रिजचा, शेजारच्या कुकरचा, खाली गल्लीत गाडी मागे घेणाऱ्याचा. खिडक्या उघडल्या जातात आणि सात महिने साचलेली बारीक वाळू चौकटीतून पुसून काढावी लागते. कतारमध्ये, दोह्यात, हिवाळा असा येतो. आमच्या अल हिलालच्या फ्लॅटमध्ये त्या दिवशी कोणीतरी म्हणतंच, "अधिवेशन सुरू झालं."

बाहेरच्या माणसाला याचा अर्थ लागणार नाही, म्हणून सांगतो. हा शब्द आमच्याकडे पाच वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आला आणि तो दोन माणसांनी आणला. एक माझे वडील. दुसरा एक अमेरिकन शेतकरी, ज्याला वारून शंभराहून जास्त वर्षं झाली आहेत आणि ज्याचं नाव त्याच्या जिल्ह्याबाहेर कोणी ऐकलेलं नसावं.

माझं गाव रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीच्या काठाला आहे. गावातल्या निम्म्या घरांतला एक तरी माणूस आखातात असतो; आमच्या घरातला मी. इथे एका बांधकाम कंपनीत मोजमापं आणि अंदाजपत्रकं काढायचं काम करतो. भिंत दिसली की मला आधी तिचे चौरस मीटर दिसतात. बाबांची बासष्ट गुंठे भातशेती आहे. बाबा एकदा, पाच वर्षांसाठी, पंचायत समितीवर निवडून गेले होते. त्याला आता तीस वर्षं झाली, तरी गावात त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. लहानथोर सगळे 'मेंबर' म्हणतात.

त्या वर्षी पावसात, लावणी उरकता उरकता, माझी आई गेली. मी दफनाला पोचू शकलो नाही, तिसऱ्या दिवशी पोचलो. बाबांनी भात कापेपर्यंत काही बोलायचं नाही असं ठरवलेलं दिसलं. कापणी झाली, झोडणी झाली, भात कणगीत गेलं, आणि मी पाठवलेल्या तिकिटावर ते दोह्याला आले. व्हिजिट व्हिसावर आले होते, पण माझा हिशोब वेगळा होता. वय चौऱ्याहत्तर, घरात एकटे, गुडघे दुखतात, सर्वांत जवळचं मोठं हॉस्पिटल दोन तासांवर. इकडे वेगळी खोली, खाली मशीद, रस्त्यापलीकडे क्लिनिक, आणि नात. दोन बाजूंना दोन स्तंभ केले तर एका स्तंभात लिहायला काही उरत नव्हतं. बाबांनी इथेच राहावं, त्यांचे रहिवासाचे कागद मी करून घ्यावेत, असं मला वाटत होतं. त्या हिवाळ्यात आमच्या घरापुढे हा एकच प्रश्न होता. मी तो पहिल्याच आठवड्यात विचारला.

बाबा म्हणाले, "विषय पुढच्या सभेला घे."

विनोद म्हणून म्हणाले असं मला वाटलं. पुढच्या शुक्रवारी परत विचारलं तर म्हणाले, कोरम नाही, सभा तहकूब. माझी बायको नसीम तेव्हा दस्तरखानावर भाकऱ्या ठेवत होती. ती म्हणाली, "चार माणसं आहोत की घरात." बाबांनी चौघांकडे पाहिलं आणि जेवायला लागले. कोणाची जागा रिकामी धरून ते मोजत होते ते तिला कळलं, मला जरा उशिराने कळलं.

त्या दिवसांतले बाबा मला आठवतात ते खिडकीत उभे असलेले. पहाटेची फज्रची नमाज पढून आले की ते अल मन्सूराच्या दिशेने चालत जायचे आणि तिथल्या किराणा दुकानांतून काहीही न घेता परत यायचे. कोथिंबिरीची जुडी कुठून येते, नारळ कुठला, एवढं विचारून यायचे. हिंदीत विचारायचे, उत्तर मल्याळी वळणाच्या हिंदीत मिळायचं. हिवाळ्यात इथे शहराबाहेरच्या शेतांवरची भाजी विकायला मंडई भरते. तिथे एकदा मी त्यांना घेऊन गेलो. बाबांनी मुळ्याची जुडी उचलली, मुळावरची ओली माती अंगठ्याने काढली, चुरडली, हुंगली आणि म्हणाले, "ह्यांचं पीक आत्ता असतं?" मी म्हटलं, हो, उन्हाळ्यात इथे काही उगवत नाही, शेती काय ती हिवाळ्यातच. त्यांनी जुडी पिशवीत टाकली. परतताना गाडीत म्हणाले की आपल्याकडेही हिवाळ्यात शेत रिकामं नसतं. यंदा पहिल्यांदाच आहे.

ते वालाबद्दल बोलत होते. भात कापलं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावर आमच्याकडे कडवे वाल टाकतात. पाणी द्यावं लागत नाही, फक्त राखावं लागतं. आई गेल्यावर त्या वर्षी वाल टाकले नव्हते.

आता दुसऱ्या माणसाकडे येतो.

माझी मुलगी सना तेव्हा सहावीत होती. तिची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची. तिथे दर फेब्रुवारीत मुलं एकेका ऐतिहासिक व्यक्तीचा वेष करून भिंतीला टेकून उभी राहतात आणि पालक समोर आले की 'मी अमुक' म्हणून स्वतःचं आयुष्य सांगतात. त्या वर्षीची टीचर अमेरिकेच्या मधल्या, सपाट भागातल्या एका राज्यातली होती. दरवर्षी पोरं तेच ते राष्ट्राध्यक्ष आणि शास्त्रज्ञ निवडतात याचा तिला कंटाळा आला असावा. तिने आपल्या गावाकडच्या जुन्या माणसांची चरित्रं प्रत्येकी दोन पानांत आणली आणि चिठ्ठ्या टाकल्या. सनाच्या मैत्रिणीला एक बाई डॉक्टर मिळाली. दुसरीला आगगाडीचा पूल बांधणारा. सनाला मिळाला शेतकरी, जो दोन वेळा राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेला होता.

सना घरी येऊन दप्तर टाकून रडली. ती आमच्याशी इंग्रजीतच बोलते. मराठी कळतं सगळं. तिचं म्हणणं असं होतं की या माणसाने काहीच केलेलं नाही. जन्मला, पश्चिमेकडे गेला, शेत केलं, म्हातारा झाला, मेला. यात सांगायचं काय? नसीमने टीचरला फोन करून चिठ्ठी बदलून मागावी असा तिचा हट्ट होता.

बाबांनी विचारलं पोर कशाला रडते. मी सांगितलं. ते म्हणाले, वाच बघू काय लिहिलंय.

म्हणून मी ती दोन पानं रात्रीच्या जेवणानंतर मराठीत वाचून दाखवली. पुढे तीनचारदा वाचावी लागली, त्यामुळे अजून लक्षात आहेत. माणूस पूर्वेकडच्या एका राज्यात जन्मलेला, सात भावांतला पाचवा. वाटणीत जमीन येणार नाही हे दिसत होतं, म्हणून लग्न झाल्यावर बैलगाडीतून बायकोला घेऊन पश्चिमेला गेला. गवताळ माळावर एकशे साठ एकर जमीन घेतली. पहिली दोन वर्षं मातीच्या ढेकळांच्या घरात काढली. मका, गहू, काही गुरं. पाच मुलं, त्यांतली दोन एकाच हिवाळ्यात तापाने गेली. शेजाऱ्यांनी आग्रह केला म्हणून निवडणुकीला उभा राहिला, निवडून आला. रस्त्यांच्या समितीवर होता. कुंपणाचा एक कायदा मांडला. दुसऱ्या वेळेनंतर परत उभा राहिला नाही. एक्याऐंशी वर्षं जगला. 'त्याला ओळखणारे सर्व जण त्याचा आदर करीत.' संपलं.

"विधिमंडळ म्हणजे?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, म्हणजे आपल्याकडचा आमदार.

"आणि नांगर स्वतः धरायचा?"

तसंच लिहिलंय म्हटल्यावर बाबा म्हणाले की मग तो आमदार नव्हे. आमदार असा नसतो. तो मेंबर. तेव्हापासून आमच्या घरात तो माणूस 'अमेरिकेचा मेंबर' झाला. सनालाही ते आवडलं असावं, कारण चिठ्ठी बदलायचा विषय मागे पडला.

बाबांना आधी जमिनीचा हिशोब हवा होता. एकशे साठ एकर म्हणजे सहा हजार चारशे गुंठे. त्यांनी तो आकडा दोनदा म्हणून घेतला. जमीन चौकोनी असली तर एकेक बाजू अर्धा मैल. सगळं मिळून दोन मैलांची कड. बाबा म्हणाले, एवढ्याला वई कोण घालील? आमच्याकडे कुंपणाला वई म्हणतात. करवंदीच्या, बोरीच्या काटेरी फांद्या रोवून करतात, आणि ती दरवर्षी नव्याने करावी लागते.

त्या माणसाने मांडलेला कायदा नेमका याच गोष्टीचा होता. त्या काळी तिकडे गुरं मोकळी चरायची आणि पीक ज्याचं त्याने कुंपण घालायचं, असा रिवाज होता. पण त्या माळावर झाडंच नव्हती. लाकूड लांबून आणायचं, तर कुंपण जमिनीपेक्षा जड जायचं. या माणसाने म्हटलं की गुरं ज्याची त्याने ती बांधावीत. त्याची स्वतःची गुरं शेजाऱ्यांपेक्षा जास्त होती, असंही त्या पानांत होतं. आणि कायदा होईपर्यंत त्याने स्वतःच्या कडेने काटेरी झाडं लावून जिवंत कुंपण केलं होतं.

बाबा सरळ होऊन बसले. "ह्याला आपली गोष्ट कुणी सांगितली?"

कारण बाबांनी पाच वर्षांत एक धड काम केलं असेल तर ते हेच. आमच्या गावात भात कापलं की गुरं उनाड सोडायची पद्धत. शेतं रिकामीच, मग कोणाची का असेनात. पण ज्याला वाल करायचे त्याची पंचाईत. एका रात्रीत बैल शिरले की तीन महिन्यांचं पीक जातं. आमच्या शेताला लागून धोंडूकाकांचं घर, त्यांची गुरं सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत हुशार. वई कुठे पातळ आहे ते त्या गुरांना माझ्याआधी माहीत असायचं. बाबा मेंबर झाल्यावर त्यांनी ग्रामसभेत ठराव करून घेतला की वाल निघेपर्यंत गुरं बांधायची, नाहीतर कोंडवाड्यात. पडका कोंडवाडा दुरुस्त करून घेतला, दाराला कडी बसवली. धोंडूकाका वर्षभर बाबांशी बोलले नाहीत.

सनाला हे मी कधी सांगितलं नव्हतं. ती बाबांच्या जवळ सरकून बसली आणि इंग्रजीत विचारलं की मग दादांनी (ती आजोबांना दादा म्हणते) पहिली गाय कोणाची पकडली. मी बाबांना विचारलं. बाबा हसायला लागले आणि बराच वेळ हसतच राहिले. आई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो.

पहिली गाय आमची. बाबा तालुक्याला मीटिंगला गेले होते, आई एकटी राबासाठी फांद्या तोडायला डोंगरावर, आणि आमच्या तांबूने दावं तोडलं. गावच्या शिपायाने ठरावाप्रमाणे तिला कोंडवाड्यात नेलं. संध्याकाळी आई डोक्यावर भारा घेऊन उतरली ती तशीच कोंडवाड्यावर गेली. सगळा गाव जमला होता, धोंडूकाका सर्वांत पुढे. आईने भारा टाकला आणि मोठ्याने म्हणाली, "मेंबर मीटिंगला, नि मेंबरची गाय कोंडवाड्यात." हे वाक्य पुढे गावात म्हणीसारखं चाललं. कोणी घरचं सोडून बाहेरचं करायला लागला की अजून म्हणतात.

दुसऱ्या वाचनात सनाने एक गोष्ट विचारली: हा माणूस फक्त हिवाळ्यातच राजधानीत का राहायचा? पानावर कारण नव्हतं. मी शोधलं. त्या काळी तिकडच्या बऱ्याच राज्यांत विधिमंडळ वर्षाच्या सुरुवातीला, थंडीत बसायचं आणि वसंतात उठायचं. कारण सभागृहात बसणारे बहुतेक शेतकरीच होते. जमीन गोठलेली असते तोवर कायदे करायचे, नांगरट सुरू व्हायच्या आत घरी.

बाबांना ही रीत इतकी पटली की त्यांनी ती मला पुन्हा सांगायला लावली. मग म्हणाले की आमच्या मीटिंगा लागायच्या त्या ऐन लावणीत. चिखलाचे पाय धुवून एस्टी पकडायची, तालुक्याला पंख्याखाली बसून चहा प्यायचा, आणि इकडे रोपं वाफ्यात पिवळी पडायची. लावणीत आणि कापणीत सभा ठेवू नये असा ठराव त्यांनी एकदा मांडला होता. तो एकमताने मंजूर झाला आणि पुढची सभा लावणीतच लागली.

या बोलण्यात मीच 'अधिवेशन' शब्द वापरला असणार. बाबांनी तो उचलला. कोणी विचारलं की मेंबर, दोह्यात कसे, तर फोनवर गावच्या माणसाला सांगायचे, "अधिवेशनाला आलोय."

मला ते ऐकून बरं वाटलं नाही. अधिवेशन संपतं.

जानेवारीत त्यांनी बाल्कनीत तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांना भोकं पाडली. माती मी आणून दिली. प्लास्टिकच्या पिशवीत मिळणारी, काळी, हलकी, हाताला न चिकटणारी. बिरड्यासाठी गावाहून आणलेल्या वालांतले पंधरावीस दाणे त्यांनी टोचले. वेल आले आणि नसीमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर चढले. नसीमने दोरी त्यांना देऊन टाकली. मला ही चांगली खूण वाटली. माणूस जिथे काही लावतो तिथे राहतो, असं मी नसीमला म्हणालो. ती म्हणाली, "डब्यात लावलंय."

तिसऱ्या की चौथ्या वाचनाच्या वेळी बाबांनी ते विचारलं. सना आपलं भाषण पाठ करत होती. नांगर, मका, दोनदा निवडून आलो, कुंपणाचा कायदा, एक्याऐंशी वर्षं. बाबा ऐकत होते. इंग्रजी कळत नसलं तरी क्रम आता पाठ झाला होता. मध्येच म्हणाले, "तो तिकडं शहरात बसला, तवा गुरं कोण बघत होतं?"

मी पानं चाळली. बायकोचा उल्लेख दोन पानांत दोनदाच होता. एकदा लग्न झालं म्हणून, एकदा वारली म्हणून. नाव नव्हतं. मुलांची नावं होती, ज्या घोड्यावरून तो राजधानीला जायचा त्याचंही होतं.

तारखा बघायची मला सवय आहे. पहिल्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं की दुसऱ्या वेळचं अधिवेशन लांबलं आणि 'शेतीच्या कामामुळे' तो ते संपायच्या आत घरी परतला; त्याच्याच कुंपणाच्या कायद्यावर शेवटचं मतदान झालं तेव्हा तो सभागृहात नव्हता. कायदा त्याच्याशिवाय पास झाला. दुसऱ्या पानावर, कुटुंबाच्या परिच्छेदात, बायको वारल्याचा महिना होता. तोच वसंत. मी दोन्ही ओळी बाबांना वाचून दाखवल्या.

बाबा म्हणाले, बायको आजारी असणार.

मी म्हटलं तसं लिहिलेलं नाही. दोन गोष्टी एकाच सुमाराला घडल्या, एवढंच म्हणता येतं.

"तुला एवढंच म्हणता येतं," बाबा म्हणाले. रागाने नाही म्हणाले. मग भिंतीकडे बघून, कोणाला उद्देशून नाही असं, म्हणाले की पाच वर्षं आपण मेंबर होतो, पाच लावण्या तिने बायका घेऊन एकटीने काढल्या. कोंडवाड्याचं लोक लक्षात ठेवतात. तिच्या पाच लावण्यांचं कोणी बोलत नाही. ती पण कधी बोलली नाही. फक्त त्या एका दिवशी बोलली, गाईच्या निमित्ताने.

सना त्यांच्याकडे बघत होती. तिला त्यांची बोली थोडी अडते, पण हे तिला अडलं नव्हतं.

फेब्रुवारीत शाळेत तो कार्यक्रम झाला. हॉलमध्ये भिंतीला टेकून पन्नासेक मुलं, कागदी मिशा, लांब झगे. सनाने माझा जुना शर्ट चढवून बाबांचा गावाहून आणलेला पंचा गळ्यात घातला होता. अमेरिकन शेतकरी पंचा घालत नाही हे मी आदल्या रात्री सांगून पाहिलं होतं. तिच्या हातात वालाच्या वेलाचा तुकडा होता, बाल्कनीतला. बाई डॉक्टरसमोर आणि पूलवाल्यासमोर गर्दी होती. सनासमोर आम्ही तिघं, टीचर आणि दोनचार पालक.

तिने सुरुवात ठरल्याप्रमाणे केली. जन्म, बैलगाडी, एकशे साठ एकर. कायद्यापर्यंत आली आणि पाठ केलेलं सोडून दिलं. तिने इंग्रजीत जे सांगितलं ते साधारण असं. मी राजधानीत बसलो होतो तेव्हा गुरं माझी बायको बघत होती. तिचं नाव पानावर नाही, मी शोधलं. माझ्या कायद्यावर मतदान होतं त्या दिवशी मी तिथे नव्हतो, मी घरी निघालो होतो. शेतीच्या कामामुळे, असं लिहिलंय. त्याच वसंतात ती वारली. मी वेळेत पोचलो की नाही, ते लिहिलेलं नाही.

एका पालकाने, चांगल्या मनानेच, विचारलं की मग या माणसाची सर्वांत मोठी कामगिरी कुठली, तो कायदा का? सना म्हणाली, कायदा तर त्याच्याशिवायही झाला. घरी तोच जाऊ शकत होता.

टीचर काही तरी लिहीत होती, ती थांबली. बाबांनी माझ्या बाहीला हात लावला आणि विचारलं, काय म्हणाली. मी जसंच्या तसं सांगितलं. काही घातलं नाही, काही गाळलं नाही. बाबांनी मान हलवली आणि सनाच्या गळ्यातला पंचा सरळ केला.

परतीच्या वाटेवर अल रय्यानकडून येणाऱ्या रस्त्याला गर्दी होती, गाडी थांबत थांबत चालली होती. बाबा पुढे बसले होते. ते म्हणाले, "राब भाजायच्या आत मला पोचव."

राब म्हणजे भाताच्या रोपांची जागा. पावसाच्या आधी तिच्यावर फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात. त्या राखेत रोपं चांगली येतात. मार्च उजाडला की आमच्याकडे डोंगराच्या पायथ्याशी धूर दिसायला लागतात.

मी माझे दोन स्तंभ पुन्हा मांडले. गुडघे, हॉस्पिटल, एकटेपण. मी म्हटलं, बाबा, तो माणूस घरी गेला तेव्हा त्याची बायको निदान जिवंत असेल. तुम्ही कोणासाठी जाताय? हे बोलल्यावर मागच्या सीटवरून नसीमने माझं नाव घेतलं, तेवढंच.

बाबा म्हणाले, "पाच पावसाळे तिनं माझ्यावाचून शेत उभं ठेवलं. आता मी तिच्यावाचून ठेवून बघतो."

सिग्नल सुटला आणि मी गाडी पुढे घेतली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. विमानतळावर सनाने विचारलं की अधिवेशन संपलं का. मी भाषांतर करायच्या आत बाबा म्हणाले, "तहकूब. बरखास्त नाय." डब्यांतल्या वेलांना तोवर शेंगा धरल्या होत्या. एप्रिलच्या गरम वाऱ्यात वेल एका दिवसात करपले. शेंगा नसीमने आधीच काढून ठेवल्या होत्या. एक वेळचं बिरडं झालं, वाटीभर.

त्यानंतर बाबा दर हिवाळ्यात येऊ लागले. भात कणगीत पडलं की येतात, राब भाजायच्या आत जातात. आले त्याच दिवशी परतीची तारीख सांगतात. कागद करायचा विषय मी पुन्हा काढला नाही. वाल आता आमच्या शेतात धोंडूकाका करतात, निम्म्या वाट्याने. ज्याच्या गुरांपासून शेत राखायचं तोच वई घालतो, त्यामुळे वई कधी नव्हे इतकी पक्की असते.

या वर्षी एसी बंद झाला तो मंगळवार होता. संध्याकाळी मी तिकिटाचं विचारायला फोन केला. बाबा म्हणाले गुडघे विमानाला तयार नाहीत. डॉक्टरला दाखवलं, घाबरायचं काही नाही, वय आहे. पाच वर्षांपूर्वीचा, गुडघ्यांचा आणि हॉस्पिटलचा तो स्तंभ माझ्या डोळ्यांपुढे अजून तसाच होता. मग ते म्हणाले, "यंदा अधिवेशन इकडं घेतलंय. सगळ्यांना नोटीस दे."

सना आता अकरावीत आहे. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि तिच्या तुटक मराठीत विचारलं, "दादा, कोरम किती?" बाबांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. तिने फोन ठेवला आणि म्हणाली, डिसेंबरच्या सुट्टीत आपण जातोय.

मी दरवर्षी रजा जुलैत घेतो, शाळा बंद असताना. हिवाळ्यात घेत नाही, कारण इथे बांधकामाचा हंगाम तोच. म्हणून माझ्या लेबनानी मॅनेजरने कारण विचारलं. वडील आजारी आहेत, असं सांगितलं असतं तर त्याने लगेच दिली असती. पण ते आजारी नव्हते. जे नाही ते मी सांगत नाही. मी म्हटलं, शेतीचं काम आहे.

तो हसला. त्याने विचारलं, तुझं शेत आहे? इतकी वर्षं कधी बोलला नाहीस. किती आहे?

बासष्ट गुंठे त्याला कळणार नव्हते. मी मनात गुणाकार केला आणि सांगितलं, सहा हजार दोनशे बहात्तर चौरस मीटर. त्याने भुवया उंचावल्या. म्हणाला, मोठा प्लॉट आहे, कोण बघतं?

आईचं नाव जमीला. ते मी त्याला सांगितलं, आणि मग आता कोण बघतं तेही सांगितलं.

"यल्ला, चल, जा," तो म्हणाला.